रिमार्कमध्ये लिहिलं होतं, तरी रूम दुसरीच!

सुट्ट्या संपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. सांगितलं होतं, लिहिलं होतं, फोनही केला होता, तरी दिलं नाही. माझी सगळी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला, किल्ल्या देण्यात गेली. आधी कोल्हापुरात कावळा नाक्याकडच्या एका हॉटेलात, मग कोकणातल्या रिसॉर्टवर. त्यामुळे असली पत्रं वाचताना मला दोन्हीकडची माणसं दिसायला लागतात. या वेळी अशीच पत्रं एकत्र घेतली आहेत.

*ताई, मे महिन्यात आम्ही नऊजण समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. रूम तीन. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ॲपवर बुकिंग करतानाच ‘तळमजला, शेजारी-शेजारी रूम, समुद्र दिसणाऱ्या, लवकर चेक-इन’ असं लिहिलं होतं. तिथं गेल्यावर दोन रूम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मोठ्या दिरांची रूम बागेच्या पार त्या टोकाला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ती रिक्वेस्ट होती, गॅरंटी नव्हती.” मग ॲपवर ती चौकट ठेवतात कशाला? दिवाळीनंतर पुन्हा सगळे जायचं म्हणतायत. — एक वाचक, राजारामपुरी*

त्या मुलाचं म्हणणं खरं आहे, फक्त दारात आलेल्या दमलेल्या माणसांना ते तसं ऐकवायचं नसतं. पैसे भरून तुम्ही घेता तो रूमचा प्रकार: डीलक्स, सी व्ह्यू, कॉटेज, जे काय व्हाउचरवर छापलं असेल ते. मजला, शेजार, खिडकीची दिशा या गोष्टी जमलं तर द्यायच्या, असंच सगळीकडे चालतं.

चौकटीत लिहिलेलं कुठं जातं ते सांगते. मोठ्या हॉटेलात ते बुकिंगच्या खाली ‘रिमार्क’ म्हणून आपोआप उतरतं. लहान रिसॉर्टवर कुणीतरी ॲपचा ईमेल उघडून रजिस्टरमध्ये नाव, तारखा, रूमचा प्रकार आणि पैसे आले का, एवढं उतरवून घेतं. तुमचं तळमजल्याचं वाक्य पुष्कळदा तिथंच गळतं. आणि नाही गळलं, तरी बुकिंगच्या दिवशी रूम नंबर कुणीच ठरवत नाही. तुमच्या नावावर फक्त ‘डीलक्स, तीन’ एवढं असतं. १०४ की २०७ हे ठरतं तुम्ही पोचायच्या आदल्या संध्याकाळी, नाहीतर त्याच सकाळी. याला आम्ही रूम ब्लॉक करणं म्हणतो.

ती सकाळ कशी असते? रात्रपाळीवाल्यानं अरायव्हल लिस्ट काढून ठेवलेली असते. हाउसकीपिंगचा सुपरवायझर वॉकीटॉकीवर सांगत असतो: १०३ चा एसी गळतोय, १०५ वाले आणखी एक दिवस राहतो म्हणतायत, १०१ आणि १०२ लग्नाच्या पार्टीकडं आहेत, नवरीचा मेकअप तिथं चाललाय. तळमजल्यावर उरतात दोन-तीन रूम आणि मागणारी निम्मी लिस्ट. रिमार्कच्या रकान्यात काय-काय असतं! ‘शांत रूम’, ‘वरचा मजला’, ‘पूलजवळ पण आवाज नको’. हे सगळं आम्ही वाचतो. वाचताना डोक्यात एकच असतं: यातलं कुणाचं खरोखर अडणार आहे?

आता तुमचा रिमार्क बघा. मागण्या चार आणि कारण एकाचंही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही मला लिहिलंत, ॲपवर लिहिलेलं दिसत नाही. ‘तळमजला’ एवढंच वाचलं तर तो सामान उचलायचा कंटाळा असू शकतो. ‘आईंचा गुडघा बदललाय, पायऱ्या चढता येत नाहीत’ हे वाचल्यावर सहसा कुणी तुम्हाला दुसऱ्या मजल्याची किल्ली देत नाही, कारण दुपारी होणारा तमाशा त्यालाच निस्तरायचा असतो.

शिवाय तुमच्या चार मागण्या आपसांतच भांडत होत्या. तळमजला आणि समुद्र यांचं कोकणात फारसं जमत नाही. समोर सुरूची झाडं, कुंपण, कुणाचं तरी माडाचं आगर. समुद्र दिसायला वरच जावं लागतं. तसंच लवकर चेक-इनचं. आपले लोक पहाटे निघतात, राधानगरीवरून फोंडा घाट उतरतात आणि साडेनऊला रिसॉर्टच्या दारात हॉर्न देतात. चेक-इन असतं बाराला नाहीतर दोनला. त्या वेळी जी रूम रिकामी आणि झाडून झालेली असेल ती मिळते. तुमच्यासाठी मनात धरलेल्या १०४ मध्ये आदल्या दिवशीचे लोक अजून पोह्यांची वाट बघत बसलेले असतात. लवकर रूम हवी की हवी ती रूम, हे घरातच ठरवून निघा. सामान काउंटरवर ठेवून समुद्रावर जायला कुणी अडवत नाही.

शेजारी-शेजारी रूम का मिळाल्या नाहीत, याचा मला दाट संशय आहे तो असा: तिघा भावांनी तीन मोबाइलवरून तीन बुकिंगं केली असणार, ज्याला जी कूपन मिळाली ती लावून. मग काउंटरला कसं कळावं की हे एकाच घरातले? त्यात एकानं डीलक्स घेतली, दुसऱ्यानं शंभर-दोनशे वाचवून त्याच्या खालची. रिसॉर्टवर प्रकार बदलला की इमारतच बदलते. मोठे दीर बागेच्या टोकाला गेले ते बहुतेक असेच. एकाच प्रकारच्या तिन्ही रूम, एकाच नावावर घ्या. ते जमत नसेल तर तिन्ही बुकिंग नंबर एकाच मेसेजमध्ये पाठवा. दोन रूमना आतून जोडणारा दरवाजा हवा असेल तर बुकिंगच्या आधी फोन करून तशी जोडी आहे का विचारा. अशा जोड्या मोजक्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी नसतातच.

मेसेज थेट रिसॉर्टच्या नंबरवर करायचा, ॲपच्या मदत केंद्रावर नाही. बुकिंग झाल्यावर एकदा, आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चारनंतर फोन. अकरा ते दोन मध्ये फोन केलात तर पलीकडचा माणूस “हो हो, करतो” म्हणेल आणि फोन ठेवेल, कारण समोर बिलासाठी रांग असते. मेसेज असा:

“नमस्कार. बुकिंग नंबर अमुक, १४ आणि १५ तारीख, तीन डीलक्स. आईंचा गुडघा बदललाय, त्यांची रूम तळमजल्यावरच लागेल. बाकी दोन त्याच इमारतीत मिळाल्या तर बरं. समुद्र दिसला नाही तरी चालेल. आम्ही तीनला पोचतो. उद्या कुणाशी बोलू?”

‘समुद्र दिसला नाही तरी चालेल’ हे वाक्य गाळू नका. काउंटरवरच्या माणसाला सोडायला काहीतरी मिळालं की बाकीचं धरायला तो तयार होतो. शेवटी नाव विचारलंय तेही मुद्दाम. दुसऱ्या दिवशी “काल अमक्यांशी बोलणं झालं होतं” म्हटलं की लिस्ट पुन्हा उघडली जाते.

आणि एक. कोकणात तळमजला म्हणजे पायऱ्या नाहीत असं धरून चालू नका. पावसामुळे जोतं उंच घेतलेलं असतं, चार-पाच पायऱ्या सहज. बाथरूमच्या दाराशी आणखी एक उंबरा. “दाराचा आणि बाथरूमचा फोटो पाठवता का?” असं सरळ विचारा, लोक पाठवतात. फोटोत पायऱ्या दिसल्या आणि कठडा नसला, तर ते रिसॉर्ट सोडून द्या, ॲपवर तारे कितीही असोत.

*आमचे हे म्हणतात, बुकिंग करताना ‘लग्नाचा वाढदिवस’ लिहायचं, म्हणजे चांगली रूम मिळते. आणि पोचल्यावर मॅनेजरच्या हातात पाचशे ठेवायचे. नाहीतर ‘साहेबांचा’ फोन लावायचा. यातलं नेमकं काय चालतं? — एक वाचक, कसबा बावडा*

वाढदिवस लिहिला की केक मिळतो. टॉवेलचे दोन हंसही मिळतात. रूम बदलेलच असं नाही, कारण सुट्टीच्या आठवड्यात निम्म्या लिस्टचा लग्नाचा वाढदिवस असतो. आधारकार्डांचे फोटो घेताना आम्ही गालात हसतो, एवढंच.

पाचशेचं मला पटत नाही. सगळा खेळ आदल्या दिवशी झालेला असतो, तुम्ही पैसे देता दुपारी तीनला. त्या वेळी काउंटरवरचा पोरगा फार तर दुसऱ्याचं ठरलेलं उचलून तुम्हाला देऊ शकतो, आणि ते दुसरे कदाचित गुडघेवाले असतात. साहेबांच्या फोनचंही तसंच. फोन आला की रूम मिळते, हे नाकारून काय उपयोग? पण मग तीन दिवस कुणी तुमच्याशी मोकळेपणी बोलत नाही. जायच्या दिवशी ज्यांनी केलं त्यांना द्यायचं ते द्या, हाउसकीपिंगच्या मावशींना विसरू नका. भडंगाचं पाकीट काउंटरवर ठेवलंत तर ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही, एवढं अनुभवावरून सांगते.

*सी व्ह्यूचे पैसे भरले होते. पोचल्यावर ‘फुल आहे’ म्हणून मागची रूम दिली. वर काउंटरवर म्हणाले, सातशे रुपये जास्त भरा, कॉटेज देतो. भरले, तर बिल सतराशेच्या वर वाढलं. फसवलं का? — एक वाचक, जयसिंगपूर*

दोन गोष्टी वेगळ्या करू. वाढलेल्या बिलात फसवणूक असेलच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचा एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्यावर गेला की १८ टक्के, आणि तो १८ टक्के सगळ्या दरावर, वरच्या रकमेवर नव्हे. समजा तुमची रूम ७,२०० ची होती: कर ३६०. सातशे वाढवून ती ७,९०० झाली: कर १,४२२. म्हणजे सातशेच्या जागी खिशातून १,७६२ गेले. काउंटरवर कुणी अपग्रेड देऊ केलं की “कर धरून एकूण किती?” हे विचारल्याशिवाय मान हलवू नका.

मागची रूम देणं मात्र वेगळं. सी व्ह्यू ही तुमची विनंती नव्हती, पैसे भरून घेतलेली वस्तू होती. ती नसेल तर दरातला फरक परत, नाहीतर त्याच किंवा वरच्या प्रकारची रूम जादा पैसे न घेता, एवढं मागायचा तुमचा हक्क आहे. तुम्ही उलट जास्त भरून आलात. असं झालं तर सामान आत न्यायच्या आधी मॅनेजरला बोलवा, व्हाउचर दाखवा, खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो काढा, आणि तिथल्या तिथं रिसॉर्टला आणि ॲपला मेसेज टाका, वेळेसकट नोंद राहते. रात्री राहून, जेवून, सकाळी बिलाच्या वेळी भांडण काढलं तर जोर निम्मा होतो.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. पुढं जायचंच ठरवलं तर रिसॉर्ट कोकणात आहे म्हणून तिकडं खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे तुमचं काम कोल्हापुरात होतं. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. हजार-दोन हजारांसाठी मी स्वतः गेले असते का? हेल्पलाइनपर्यंत नक्की गेले असते.

*दोन वर्षांची नात आणि सासरे बरोबर आहेत. एक्स्ट्रा बेड आणि दुधासाठी किटली आधी सांगावी लागते का? — एक वाचक, इचलकरंजी*

सांगा. एक्स्ट्रा बेड म्हणजे बहुतेक ठिकाणी जमिनीवर टाकलेली गादी, तेव्हा सासऱ्यांसाठी पलंग आणि गादी मुलासाठी, असं स्पष्ट बोलून ठेवा. मुलांचे पैसे कितव्या वर्षापासून लागतात हे जागोजागी वेगळं, तेही तेव्हाच विचारा. किटल्या प्रत्येक रूममध्ये असतीलच असं नाही, संध्याकाळच्या आत मागून घ्या. आणि दूध मात्र किचनमधून गरम करून आणवा. किटलीत दूध उतू जाऊन बूड करपलं की दुसरी मिळत नाही, आणि पुढच्या गेस्टच्या चहाला तो वास येतो.