अपेक्षित फाइल आधी हाताने तपास

अरे, प्रोग्राम चालवलास, जे आउटपुट आलं तेच 'अपेक्षित' म्हणून फाइलीत सेव्ह केलंस आणि आता त्या फाइलीशी आउटपुट ताडून बघणारी टेस्ट पास होतेय म्हणून खूश? चूकच पक्की केलीस की! पहिल्यांदा तरी दोन-चार ओळींचा हिशोब कागदावर कर. मी एकदा बिलाच्या प्रोग्राममधला चुकलेला जीएसटी सहा महिने 'बरोबर' म्हणून सांभाळलाय.

मग डिफ लाव, म्हणजे दोन फाइलींची ओळीओळीने तुलना करणारी कमांड: एकीकडे प्रोग्रामचं आउटपुट, दुसरीकडे अपेक्षित फाइल. फाइली सारख्या असतील तर तो काही बोलत नाही, संपताना ० हा कोड परत देतो. फरक असला तर १ आणि फाइलच सापडली नाही तर २. स्क्रिप्टमध्ये १ आणि २ची गल्लत करू नकोस.

दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्याच दिसतात, तरी डिफ अडून बसतो? बहुतेक वेळा विंडोजचा ओळ-शेवट निघतो, लिनक्सपेक्षा एक न दिसणारं अक्षर जास्त. तारीख-वेळ छापत असशील तर तुलनेआधी ती काढ, नाहीतर टेस्ट रोज पडेल. दशांशांचं तर विचारूच नकोस. पायथॉनला ०.१ + ०.२ करायला सांग, ०.३०००००००००००००००४ येतं. तिथे किती फरक चालेल ते आधी ठरव, मगच ताडून बघ.