पहिला फोन कोणता घ्यायचा, आणि त्याआधी घरात काय बोलून ठेवायचं

बारावीचा निकाल लागला, कॉलेजच्या ॲडमिशन सुरू झाल्या की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्या आईवडलांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो, मॅडम मुलीला फोन घेऊन द्यायचाय, कोणता द्यावा, किती रुपयांपर्यंत जावं, आणि दिल्यावर ती हाताबाहेर जाणार तर नाही ना. पहिले दोन प्रश्न अर्ध्या तासात सुटतात, खरंच. तिसऱ्यासाठी मात्र घरातल्या सगळ्यांना एकदा नीट बसावं लागतं आणि ते बसणं फोन घ्यायच्या आधी व्हायला हवं, नंतर त्याची भांडणंच होतात.

आमच्या इंदूरच्याच एका घरचा अनुभव सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

सुदामा नगरात राहणारं कुटुंब. वडील सियागंजात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात, आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आजी आहे, नववीतला धाकटा भाऊ आहे. लेक एमपी बोर्डातून ८१ टक्क्यांनी पास झाली. आता आपल्याकडे मध्य प्रदेशात बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मार्क पडले की सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात टाकतं, ते तिचेही आले आणि तिथूनच घरात ठिणगी पडली. तिचं म्हणणं, ह्या पैशात मी आयफोन घेते, जेल रोडला डॉलर मार्केटमधे सेकंडहँड मिळतोय, मैत्रिणीच्या भावाची ओळख आहे. वडलांचं म्हणणं, पैसे लॅपटॉपचे आहेत त्याला हात लावायचा नाही, आणि तुला वेगळा फोन हवाच कशाला, आईचा आहे की, फारच अडलं तर आठ-नऊ हजाराचा घेऊ. झालं, लेकीने बोलणं टाकलं. ताट घेऊन आत जाऊन जेवायची, बाबा घरात आले की ही गच्चीवर. आजीने दोन्हीकडून निरोप्याचं काम केलं आणि शेवटी थकून तीच म्हणाली की कोणाला तरी दाखवा.

वडील आले ते वाक्य तयार ठेवूनच आले, "मॅडम, हिला आयफोनचं भूत चढलंय, तेवढं उतरवून द्या."

मी त्यांना आणि आईला बाहेर बसवलं आणि मुलीशी एकटीशी बोलले. आयफोनच का, असं विचारल्यावर आधी कॅमेरा म्हणाली, मग सगळ्यांकडे आहे म्हणाली, मग बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी काही बोलले नाही. मग एकदम म्हणाली, "ताई, आमच्या घरात आयफोन कोणालाच उघडता येत नाही."

पुढचं सगळं मग भडाभडा बाहेर आलं. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं ती आईच्या फोनवर होती. क्लासचे डाउट, मैत्रिणींचे मेसेज, प्रॅक्टिकलच्या जर्नलचे फोटो, सगळं आईच्या व्हॉट्सॲपवर. फोन दिवसभर शिलाई मशीनच्या बाजूला पडलेला, ज्याच्या हाताला लागेल तो वाचणार, भाऊ तर मोठ्याने वाचून दाखवणार. एका रविवारी काका-काकू जेवायला आलेले असताना वर्गातल्या एका मुलाचा मेसेज आला, जर्नल पूर्ण झालं का आणि त्यापुढे एक हसरा चेहरा, बस एवढंच. काकांनी तो सगळ्यांसमोर वाचला, दोनदा वाचला, सगळे हसले. बाबासुद्धा हसले, हे सांगताना तिचा आवाज बदलला. त्यानंतर तिने मैत्रिणींना सांगून टाकलं की ह्या नंबरवर काही पाठवू नका. तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं की आपल्याला असा फोन हवा ज्याला घरातलं कोणी हात लावणार नाही, आणि घरात सगळ्यांचे अँड्रॉइड म्हणून आयफोन. सतरा वर्षांच्या मुलीला एक कुलूप हवं होतं आणि ते मागायला तिला सभ्य शब्द सापडत नव्हता, म्हणून तिने ब्रँडचं नाव घेतलं.

पालकांनी हे जरूर तपासून बघावं असं मला वाटतं. मूल एखाद्याच मॉडेलला चिकटून बसलं की त्या मॉडेलमुळे त्याचं नेमकं काय सुटणार आहे ते शांतपणे विचारा, आणि उत्तर आलं की लगेच खोडू नका. कधी वर्गात सगळ्यांसमोर फोन हँग झालेला असतो, कधी फुटक्या स्क्रीनवरून कोणी बोललेलं असतं. आणि कधी नुसती हौस असते, त्यातही काही पाप नाही, फक्त हौसेचं बजेट वेगळं असतं.

वडलांशी बोलले तेव्हा त्यांचं वेगळंच निघालं. पैशाचं त्यांना तितकं नव्हतंच. रोज पेपरात वाचतात, मुलींचे फोटो बदलून धमक्या, डिजिटल अरेस्टचे म्हणजे पोलीस असल्याचं सांगून पैसे उकळणारे फोन, लिंक दाबली की खातं साफ. त्यांची अट होती की फोन दिला तर पासवर्ड मला माहीत पाहिजे आणि रोज रात्री मी बघणार. ही भीती खोटी नाहीये, मी त्यांना तसंच सांगितलं. पण मी विचारलं, भाऊ, समजा उद्या तिला कोणी धमकावलं, तर ती सगळ्यात आधी काय विचार करेल? ते म्हणाले, मला सांगेल. मी म्हटलं, ती आत्ता बाहेरच बसलीये, विचारू या का. तिला आत बोलावलं, तिने खाली बघत सांगितलं, "नाही सांगणार. सांगितलं तर फोन काढून घ्याल आणि कॉलेज पण बंद कराल."

माझ्याकडे अशा प्रकरणात अडकलेली जी मुलं येतात त्यांच्यात हे वारंवार दिसतं. धमकी देणाऱ्याचा धंदाच ह्यावर चालतो की मूल घरी बोलणार नाही. तो पाचशे मागतो, मूल देतं, मग दोन हजार मागतो, मूल आईच्या पर्समधून काढतं, पण घरी सांगत नाही कारण घरची पहिली शिक्षा त्याला पाठ असते. म्हणून फोन घ्यायच्या आधी मी आईवडलांकडून एकच शब्द मागते, तोही मुलासमोर मोठ्याने: काहीही चूक झाली, फोटो पाठवला गेला, पैसे गेले, कोणाशी नको ते बोलणं झालं, आणि तू स्वतः येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेतला जाणार नाही. रागावू, दोन तास बोलणार नाही, पण फोन आणि कॉलेज दोन्ही तुझंच राहील. रोज रात्री पासवर्ड टाकून बघितल्याने जे कळणार नाही ते ह्या एका वाक्याने कळतं. बघणार हे माहीत असलं की मुलं पुसून ठेवतात, तेवढी अक्कल त्यांना असते.

वडलांना हे गिळायला वेळ लागला. पुढच्या भेटीत स्वतःच म्हणाले, बरं, कुलूप तिचं. बदल्यात त्यांनी दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही रास्त होत्या. संध्याकाळी उशीर होणार असेल तेव्हा भंवरकुआंहून घरी येईपर्यंत मॅपवर लोकेशन शेअर करायचं. आणि अनोळखी माणसाने पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन कट करून आधी घरी विचारायचं, मग समोरचा स्वतःला पोलीस म्हणवत असला तरी. सिम वडलांच्या नावावर घेतलं कारण १८ पूर्ण नसतील तर स्वतःच्या नावावर सिम मिळतच नाही. खर्चाचे पैसे यूपीआय सर्कलमधून, खातं वडलांचं, महिन्याची मर्यादा दोघांनी बसून ठरवली.

मग राहिला फोन. तो निवडायचं काम मी मुलीवर सोपवायला सांगितलं, बजेट मात्र घराचं. वडलांनी दहा हजार धरले, आईने मधेच सांगितलं की माझे चार हजार घाला, दिवाळीच्या ब्लाउजांचे येणारच आहेत, आणि विषय संपला. लॅपटॉपचे २५,००० लॅपटॉपलाच राहिले, पहिल्या वर्षाच्या मुलीला असाइनमेंट टाइप करायला ते लागणारच होते, फोनवर पन्नास पानी फाइल करून बघा म्हणजे कळेल.

मुलीने कागदावर लिहून आणलं की तिला फोनवर काय काय करायचंय: कॉलेजचे ग्रुप, ई-प्रवेश ह्या कॉलेज ॲडमिशनच्या सरकारी पोर्टलचे ओटीपी, डिजीलॉकरमधल्या मार्कशीट, पीडीएफ नोट्स, यूट्यूबवरची लेक्चर, सिटी बसमधे गाणी, फोटो. ह्या कागदाने अर्धं काम झालं. नोट्स आणि फोटो भरपूर म्हणजे स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको, ६४ वर्षभरात भरतं आणि मग व्हॉट्सॲप पुसत बसावं लागतं. रॅम खरी ६ जीबी तरी असावी, डब्यावर ६ अधिक ६ असं लिहिलेलं असतं त्यातली दुसरी ६ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली, तिला धरायचं नाही. बॅटरी ५००० एमएएच. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलला भुलू नये, १०८ लिहिलंय म्हणून फोटो चांगला येईलच असं नाही, दुकानात उभं राहून कमी उजेडात एक फोटो काढून बघावा. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार. कॉलेजची तीन-चार वर्षं फोन टिकवायचा तर अपडेटही तितकी वर्षं हवेत, हल्ली सॅमसंगसारख्या कंपन्या गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं देतात आणि काही स्वस्त फोनना दोनच वर्षं मिळतात, दिसायला दोन्ही सारखेच. ज्या बापाला हिशेब कळतो त्याला हे लगेच कळलं, त्यांनी किंमत भागिले वर्षं करून दाखवलं.

सेकंडहँडचं काय, तर मी नाही म्हटलं नाही, म्हटलं जाऊन बघून तर या, बाप-लेक दोघं. डॉलर मार्केटला गेले. तो आयफोन चालू होता पण सेटिंगमधे बॅटरी हेल्थ ७८ टक्के, ॲपलच्याच हिशेबाने ८० च्या खाली गेली की बॅटरी बदलायची वेळ आली, आणि अबाउटमधे स्क्रीनपुढे अननोन पार्ट लिहिलेलं, म्हणजे स्क्रीन बदललेली आणि अस्सल आहे ह्याची खात्री नाही. बिल नाही. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढावा, मग इंग्रजीत केवायएम, एक स्पेस आणि तो पंधरा आकडी नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवावा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. दुकानदाराने नंबर दाखवायला टाळाटाळ केली आणि मुलगी स्वतःच म्हणाली, बाबा चला. बापाने नाही म्हटलं असतं तर आयुष्यभर तो आयफोन तिच्या मनात राहिला असता.

परतताना नव्या फोनच्या दुकानात त्यांना नो कॉस्ट ईएमआयचा म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांचा आग्रह झाला, वीस हजाराचा घ्या, महिन्याला थोडेच जातात. इथे वडील ठाम राहिले ते बरं झालं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मधेच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी असतंच, रोखीवर जी सूट मिळाली असती ती जाते, वर प्रोसेसिंग फी, आणि फीवर १८ टक्के जीएसटी, क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजावरही. शिकणाऱ्या मुलाचा पहिला फोन हप्त्यावर घेऊ नये ह्या मताची मी आहे, हप्ता चुकला की घरात प्रत्येक भांडणात तो फोन निघतो. १४ हजाराच्या आतला ५जी फोन घेतला, पक्कं बिल, त्यावर आयएमईआय, बिलाचा फोटो वडलांच्या फोनमधेही.

रात्रीचा नियम एकच ठेवला, अकराला सगळ्यांचे फोन हॉलमधे चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही, ते बातम्यांच्या नादात बारा-बारापर्यंत जागायचे. हा नियम मुलांपुरता केला तर आठवडाभरच टिकतो.

काही महिन्यांनी आईचा फोन आला. इन्स्टाग्रामवर मुलीच्याच मैत्रिणीच्या नावाने कोणीतरी अकाउंट काढलं होतं, दोन दिवस गप्पा मारल्या, मग मुलीचा साधाच फोटो उचलून घाणेरडा करून पाठवला आणि पैसे मागितले. मुलगी रात्री दहा वाजता फोन घेऊन वडलांसमोर जाऊन उभी राहिली. वडलांनी मला नंतर सांगितलं की त्यांचा हात फोन हिसकावायला पुढे गेला होता, आजी म्हणाली शब्द दिलायस. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, बस इथे, दाखव.

पैसे दिले नाहीत. ब्लॉक करायच्या आधी अकाउंटचं नाव आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले, हे महत्त्वाचं, घाबरून आधी पुसून टाकलं तर तक्रारीला काही उरत नाही. मग इन्स्टाग्रामवर रिपोर्ट केलं आणि नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात तक्रार टाकली. पैसे गेले असते तर क्षणही न घालवता १९३० ला फोन करायचा असतो, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. ती १८ च्या आतली असल्याने टेक इट डाउन ही फुकट सेवाही वापरली, त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, त्यावरून त्या आपापल्या साइटवर तो फोटो शोधून काढतात.

मुलगी त्या आठवड्यात नीट झोपली नाही, माझ्याकडे दोनदा येऊन गेली. ज्यांच्या गावात कोणी समुपदेशक नाही त्यांनी १४४१६ लावावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. फोनवरून चाललेला अबोला लांबला, मूल जेवेनासं झालं, झोप उडाली, मी नसलो तर बरं असं बोलायला लागलं, तर तो हट्ट समजून थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.