वकीलबाईंना विचारा : ‘पैशासाठी गेले’ म्हणणारी वकील

प्रश्न : ‘मोटलीज लॉ’ हा 2015 सालचा माहितीपट लेकीनं दाखवला. किम्बर्ली मोटली ही अमेरिकन वकील तेव्हा काबुलच्या कोर्टात केसेस लढायची. बाई धाडसी खरी, पण आपण तिथं पैशासाठी गेलो असं उघड सांगते. मला ते खटकलं. तुम्हाला नाही खटकत? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही हो, ताई. मी सांगलीच्या कोर्टात 31 वर्षं काळा कोट घातला. सुरुवातीला तासगावकडच्या एका बाईची पोटगीची केस फुकट घेतली. दोन तारखांना आली, तिसरीला गैरहजर. निरोप धाडला तर म्हणाली, “रिकाम्या हातानं किती येळा यायचं?” मग तारखेला वीस रुपये घ्यायला लागले. पदराची गाठ सोडून नोट टेबलावर ठेवायची, खुर्चीत ऐसपैस टेकायची आणि “जजसाहेबांना हे पण सांगा” असा मलाच हुकूम सोडायची. केस तिची झाली ती त्या दिवशी.

मोटली मिलवॉकीत गरीब आरोपींची सरकारी बचाव वकील होती. 2008 मध्ये अफगाण वकिलांना शिकवायच्या नऊ महिन्यांच्या अमेरिकी कार्यक्रमात गेली आणि तिथंच वकिली थाटली. परदेशी कैदी, कंपन्या, दूतावास यांच्याकडून फी घ्यायची आणि छळ झालेल्या मुलीबायकांच्या केसेस फुकट लढायच्या. ऑफिसचं भाडं कुठून तरी यायला हवं ना! आमच्या बाररूममध्ये हे गणित सगळ्यांना कळतं, बाहेरच्यांना मात्र वकीलबाई त्यागमूर्तीच लागते. पुरुष वकिलाला कोणी हा प्रश्न विचारत नाही, हेही जाता जाता.

तिची मला सगळ्यात आवडलेली केस कोर्टातली नाहीच. काबुलच्या निर्वासित वस्तीतल्या एका बापावर 2,500 डॉलरचं कर्ज होतं, घरच्यांच्या औषधपाण्यात झालेलं. फेडता येईना, तेव्हा त्याची सहा वर्षांची मुलगी सावकाराच्या घरात सून म्हणून द्यायची असं जिरग्यानं, म्हणजे तिथल्या पंचायतीनं, ठरवलं. 2013 मध्ये मोटलीनं नवा जिरगा बसवला आणि स्वतः चालवला. बाई, परकी, मुसलमानही नाही! कर्ज एका दात्याच्या पैशातून फिटलं. पण तेवढ्यावर ती उठली नाही. हा सौदा बेकायदा होता आणि पुन्हा केला तर तुरुंगात जाऊ, असं तिनं लेखी घेतलं. लेखी! इथं मी मनातल्या मनात टाळी दिली. आपल्याकडे जातपंचायतीत तोंडी मिटवलेली किती भांडणं वर्षभरात माझ्या टेबलावर परत आली, विचारू नका.

प्रश्न : तिला तिथली भाषा येत नव्हती, मग कोर्टात निभावायचं कसं? – तेच

उत्तर : दुभाष्या असायचा. पण निभावायचं ते तिथलेच कायदे वाचलेले असायचे म्हणून. स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा अफगाणिस्तानात 2009 मध्येच आला होता, वापरणारं कोणी हवं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परतलं आणि तिथल्या दोनशेहून अधिक महिला न्यायाधीशांना खुर्ची सोडावी लागली. त्यांनी आत टाकलेले गुन्हेगार सुटून त्यांनाच शोधू लागले. कित्येकजणी देश सोडून गेल्या, काही लपून राहिल्या.