सिव्हिल इंजिनिअरिंग करून रत्नागिरीतच राहता येईल का, आणि रोजचं काम नेमकं काय असतं?

राहता येईल, पण काम साइटवरचं असेल, एसी ऑफिसातलं नाही. बारा वर्षं याच किनाऱ्यावर साइट इंजिनिअर आहे, त्यावरून सांगतो. नकाशे काढणं हा यातला छोटा भाग. दिवस जातो तो लाइनआउट (नकाशाप्रमाणे जमिनीवर आखणी), सळई तपासणी, काँक्रीटचे नमुना क्यूब (ताकद कळायला ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघायचे), एमबी (कामाच्या मोजमापांची वही) भरणं, बिलं आणि ठेकेदाराशी हुज्जत यात. कोकणात खरी परीक्षा खाऱ्या हवेची. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यालगतच्या उघड्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर, लागतं. गवंडी मात्र २५ मिमीचे कव्हर ब्लॉक (तेवढा थर राखायला सळईखाली ठेवायचे ठोकळे) घेऊन हजर! सळई गंजली की फुगते, मग स्लॅबचे पापुद्रे सुटतात. शिवाय जांभ्याची माती उन्हात कडक, पावसात मऊ, त्यामुळे घाटात डोंगर कापताना उतार आणि पाण्याची वाट आधी बघायची. कामं भरपूर: रस्ते, पूल, जेटी, धूपप्रतिबंधक बंधारे, घरं. अट एवढीच, की सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि सरकारी नोकरी लागली तर बदली टळत नाही. गावातच राहायचं असेल तर अनुभव घेऊन स्वतःची ठेकेदारी.