टँकच्या वाळूसाठी कोणता जीव आणावा: आधी गोगलगाय, मग कोरी मासे

तुम्ही विचारलंय की ७० लिटरच्या टँकमध्ये बारीक पांढरी वाळू आहे, दहा निऑन टेट्रा मासे आहेत, आणि साफ केल्यावर दोन-तीन दिवसांतच वाळूवर विष्ठा आणि उरलेलं खाद्य दिसायला लागतं. तळ साफ ठेवायला सकर फिश आणू का, की दुसरं काही?

सकर आणू नका. दुकानात दिसतं ते दोन इंचाचं पिल्लू बहुतेक वेळा साध्या प्लेकोचं, म्हणजे सकरच्याच एका मोठ्या जातीचं असतं. ते वाढून फूटभर, कधी दीड फूटसुद्धा होतं. तुमच्या टँकमध्ये त्याला नीट वळताही येणार नाही. शिवाय वाळू साफ करणं हे त्याचं कामच नाही. तो काचेला आणि लाकडाला चिकटून शेवाळ खरवडतो आणि दिवसभर दोऱ्यासारखी लांबलचक विष्ठा टाकत राहतो. महिन्याभरात तुमची वाळू आत्तापेक्षा जास्त घाण दिसेल.

मुळात विष्ठा खाऊन तळ स्वच्छ करणारा मासा नसतो. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत माशांनी मोजली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टँकमध्ये आणलेला प्रत्येक जीव खातो आणि विष्ठा टाकतो. त्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं शोषतात किंवा पाणी बदलताना बाहेर जातं. तळाशी राहणारा जीव या साखळीतून काहीच बाहेर काढत नाही. पण तो तीन कामं करू शकतो: उरलेलं खाद्य सडण्याआधी खाणं, वाळू वरखाली करत राहणं, आणि मोठ्या कचऱ्याचा बारीक गाळ करणं, म्हणजे फिल्टरला तो ओढता येतो. एवढीच अपेक्षा ठेवली तर निवड सोपी होते.

वाळू घाण दिसते म्हणून टँक घाण आहे असंही समजू नका. जाड खडीत हाच कचरा फटींतून खाली उतरतो आणि नजरेआड सडतो. वाळूत तो वरच राहतो, म्हणून दिसतो आणि म्हणूनच पटकन उचलता येतो.

आता निवडीबद्दल. माझी पहिली पसंती मलेशियन ट्रम्पेट गोगलगायीला. शंखाकृती, लांबट, टोकदार, साधारण दोन-तीन सेंटिमीटरची. दिवसा ती वाळूत पुरलेली असते, रात्री वर येते. वाळूत ती सतत सरकत असल्यामुळे वाळू घट्ट बसत नाही, आत पाणी खेळतं, आणि खाली गेलेला खाद्याचा कणही तिच्या तोंडी लागतो. हे काम कोणताही मासा तिच्याइतकं शांतपणे करत नाही. लोक तिला घाबरतात ते तिच्या वाढीमुळे. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि मादीला नराचीही गरज नसते. त्यामुळे एक आणली तरी पुढे बऱ्याच होतात. पण ती उरलेल्या खाद्यावर वाढते. गोगलगायींची संख्या अचानक फुगली, तर तुम्ही मासे खातात त्यापेक्षा जास्त खाद्य टाकताय असं समजा. आणखी एक खूण लक्षात ठेवा. भर दिवसा सगळ्याच काचेवर चढून वर निघाल्या, तर पाण्यात काहीतरी बिघडलंय, बहुधा ऑक्सिजन कमी झालाय. त्या वेळी पाणी तपासा, हवेचा पंप बघा. जास्त झालेल्या गोगलगायी नदी-तळ्यात मात्र कधीही सोडू नका.

दुसरी पसंती कोरिडोरास, म्हणजे कोरी. वाळूत तोंड खुपसून, वाळू तोंडात घेऊन, खाद्य ठेवून घेत कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडणारा हा मासा तासभर बघत बसावा असा आहे. मी पहिल्यांदा तीन कोरी आणले ते ‘सफाई कामगार’ म्हणूनच. वरच्या माशांना तरंगणारं खाद्य टाकायचो आणि उरलंसुरलं कोरी खातील असं धरून चाललो. महिन्याभरात त्यांची पोटं खपाटीला गेली. त्यातले दोन गेले. वर टाकलेलं खाद्य खाली पोचतच नव्हतं, आणि विष्ठेवर कोणी जगत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: कोरी आणायचे तर त्यांच्यासाठी वेगळं, बुडणारं खाद्य टाकायचं, तेही दिवे बंद केल्यावर, म्हणजे वरचे मासे ते पळवत नाहीत.

कोरी एकटे-दुकटे ठेवू नका. एकाच जातीचे किमान सहा हवेत, नाहीतर ते कोपऱ्यात दबून बसतात. तुमच्या टँकला लहान जात बरी. पिग्मी कोरी गोंडस असतो, पण तो बराच वेळ मधल्या पाण्यात तरंगतो. त्यापेक्षा हॅब्रोसस तळाशी जास्त रमतो आणि तीनेक सेंटिमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. नावांबद्दल एक सांगतो: २०२४ मध्ये कोरिडोरासमधल्या अनेक जाती वेगवेगळ्या वंशांत हलवल्या गेल्या, त्यामुळे एकच मासा दोन नावांनी दिसला तर गोंधळू नका. वाळू हातात चोळून बघा. टोचत असेल तर ती कोरीसाठी नाही, कारण त्यांच्या तोंडाजवळच्या मिशा नाजूक असतात, त्या झिजल्या किंवा सडल्या की त्यांना खाणं शोधता येत नाही. मधूनच झपकन वर येऊन हवा घेणं त्यांच्यात स्वाभाविक आहे, पण दर मिनिटाला तसं करत असतील तर पाणी बिघडलेलं आहे.

कुहली लोच हा मासाही वाळूतलाच. बारीक सापासारखा, पट्ट्यांचा, दहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, कळपात राहणारा. तो निशाचर आहे, दिवसा तुम्हाला दिसेलच असं नाही. फिल्टरच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावल्याशिवाय आणू नका, तो आत शिरतो.

चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, वाळूच्या पृष्ठभागावरचे कण वेचत राहतात. निऑन मोठ्या श्रिंपला त्रास देत नाहीत, पिल्लं मात्र टिपतात. दाट झाडं असतील तर चालेल. श्रिंप किंवा गोगलगाय असलेल्या टँकमध्ये तांबं असलेलं औषध घालू नका, ती मरतात.

गोड्या पाण्यातले शिंपले ‘पाणी गाळतात’ म्हणून विकले जातात, ते टाळा. स्वच्छ टँकमध्ये त्यांना खायला पुरत नाही, ते वाळूत मरतात आणि कळेपर्यंत पाणी नासतं. चायनीज अल्गी ईटरही नको, मोठा झाला की भांडखोर होतो. नेराइट गोगलगाय काचेसाठी उत्तम आहे, पण वाळूसाठी नाही.

विष्ठा मात्र तुम्हालाच काढावी लागेल. आठवड्यातून एकदा पाणी बदलताना सायफनचं, म्हणजे पाणी ओढून काढायच्या नळीचं तोंड वाळूपासून बोटभर उंच धरा आणि हळू गोल फिरवा. हलका कचरा उठून नळीत जातो, जड वाळू खाली राहते. नळी वाळूत खुपसू नका. थर दोन-तीन सेंटिमीटरचाच ठेवा. जास्त जाड थरात हवा पोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तुमच्याकडे असे डाग आधीच असतील, तर सगळं एकदम ढवळू नका, दर आठवड्याला थोडा थोडा भाग करा.

आधी खाद्य निम्मं करा, निऑन दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका. मग पाच-सहा ट्रम्पेट गोगलगायी सोडा आणि महिनाभर थांबा. त्यानंतर पाणी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्य येत असतील तर कोरी आणा, आणि शक्य असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच टँकमध्ये सोडा. पकडताना त्यांच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात, ओढू नका. जाळी पाण्यात धरा, ते स्वतःच सुटतात.