वाचकांचे प्रश्न : वेश्याव्यवसाय, कायदा आणि सुधारगृह

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वेश्याव्यवसायाला मान्यता दिली असे वाचले. मग छापे अजून का पडतात? (एक वाचक, सोलापूर)

‘मान्यता दिली’ हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांतला. सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने, एकटीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातही (बोलीभाषेत ‘पिटा’) स्वतंत्र गुन्हा नव्हता. गुन्हा आहे तो तिच्या अवतीभवतीच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत. कलम 2 मधली कुंटणखान्याची व्याख्या पाहा: दोन बायकांनी भाडे वाटून एका खोलीत धंदा केला, तरी ती खोली कुंटणखाना. कलम 4 प्रमाणे तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही आरोपी, म्हणजे कॉलेजात शिकणारा मुलगा आणि म्हातारी आईसुद्धा. कलम 7 प्रमाणे देऊळ, शाळा, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून 200 मीटरच्या आत धंदा चालत नाही. आपल्या शहरांतल्या जुन्या पेठांत 200 मीटरवर देऊळ नाही अशी जागा दाखवा! कलम 8 मध्ये तर खिडकीत किंवा सज्जात बसून गिऱ्हाइकाला खुणावण्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

19 मे 2022 च्या आदेशात न्यायालयाने स्वतःच नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी नोंदवल्या. त्यांतल्या काहींना केंद्र सरकारचा आक्षेप होता. आक्षेप नसलेल्या तेवढ्या ताबडतोब पाळा, असे राज्यांना सांगितले. छाप्यात बायकांना अटक करू नये ही शिफारस आक्षेप असलेल्यांतली, आणि मथळ्यांत नेमका हाच फरक हरवला. निरोधाची पाकिटे पुरावा म्हणून धरू नयेत, ही शिफारस मात्र लागू आहे. तिचे मोल मोठे आहे. पंचनाम्यात ‘निरोध, नग इतके’ असे लिहून पाकिटे जप्त होऊ लागली की घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) ती खोलीत ठेवू देत नाही, आणि रोगाची किंमत त्या बाईला मोजावी लागते.

प्रश्न : छाप्यात ‘सुटका’ झालेल्या सज्ञान बाईला सुधारगृहात किती दिवस ठेवता येते? बाहेर पडायचे असेल तर काय करावे? (एक कार्यकर्ती, सांगली जिल्हा)

छाप्याच्या वेळी दोन महिला पोलीस हव्यात, परिसरातले दोन पंच हवेत आणि त्यांतली निदान एक स्त्री हवी. बाईची चौकशी महिला पोलिसानेच करायची. मग तिला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. ते तिचे वय, पूर्वायुष्य, घरची माणसे यांची चौकशी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून (प्रोबेशन ऑफिसर) करवतात. या चौकशीपुरता ताबा आदेशापासून तीन आठवड्यांपलीकडे नेता येत नाही. चौकशीनंतर कलम 17(4) खाली एक ते तीन वर्षे ठेवण्याचा आदेश निघू शकतो. खरी गोम इथेच आहे: त्यासाठी तिला ‘काळजी व संरक्षणाची गरज’ आहे असे ठरावे लागते, आणि ते ठरवताना तिचे म्हणणे पुष्कळदा कागदावर येतच नाही.

म्हणून पहिल्याच तारखेला तीन गोष्टी कराव्यात. एक, वयाचा पुरावा: जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. तो नसेल तर हाडांची तपासणी होते, तिच्यात दोन वर्षांची चूक सहज होते आणि एकोणीस वर्षांची मुलगी अल्पवयीन ठरू शकते. दोन, तिच्याच शब्दांत शपथपत्र: मी सज्ञान आहे, कोणी डांबलेले नाही, मला जायचे आहे, अमुक ठिकाणी राहीन. तीन, वकील. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. 15100 वर फोन करा.

आदेश विरुद्ध गेला तर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या छाप्यातल्या तीन सज्ञान स्त्रियांना सोडताना सांगितले, की व्यवसाय निवडण्याचा त्यांना हक्क आहे आणि मर्जीविरुद्ध डांबता येणार नाही. तो निकाल अर्जाला जोडावा.

मात्र दलाल ‘मामा’ किंवा ‘नवरा’ बनून ताबा मागायला येतात, हेही खरे. नातेवाइकाच्या नावाने अर्ज करू नका, तिच्या स्वतःच्या नावाने करा. आणि मुलगी अठराच्या आतली असेल, तर सुटकेची ही वाट तिला लागू नाही. तिथे तिला धंद्यात आणणाऱ्यांना दया-माया नको, कायदा कडकच हवा.

प्रश्न : परवाने आणि सक्तीची तपासणी, हा मार्ग बरा नाही का? (एक वाचक, ठाणे)

आम्हाला पटत नाही. जर्मनीने 2017 पासून नोंदणी सक्तीची केली, पण नाव कळण्याच्या भीतीने असंख्य बायका नोंदणीबाहेरच राहिल्या. स्वीडनने 1999 पासून फक्त गिऱ्हाइकाला गुन्हेगार केले. त्यामुळे व्यवहार घाईत आणि आडोशाला होतात, माणूस पारखायला वेळ मिळत नाही. न्यूझीलंडने 2003 मध्ये चार जणींपर्यंत परवान्याविना एकत्र काम करायची मुभा दिली. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेची मागणी याच वाटेची आहे: परवाना नको, गुन्ह्याचा शिक्का काढा. सुरुवात कलम 2 ची व्याख्या आणि कलम 8 यांच्यापासून करता येईल. फसवून, विकत घेऊन आणणाऱ्यांवरची कलमे आहेत तशीच राहू द्यावीत.

प्रश्न : वेश्याव्यवसायातल्या बाईकडे रहिवासाचा पुरावा नसेल तर आधार कार्ड मिळते का? (एक वाचक, पुणे)

मिळते. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचे किंवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेतल्या राजपत्रित अधिकाऱ्याचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. व्यवसाय ओळखू येईल असा कोणताही सांकेतिक क्रमांक नोंदणीत टाकायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आहे. तसा आढळला तर लेखी तक्रार करा.