टाकीतलं प्रवाळ, अंगठीतलं पोवळं
प्रश्न असा आला आहे: घरच्या समुद्री मत्स्यालयात कोरल ठेवतो, त्याला मराठीत प्रवाळ म्हणावं की पोवळं? अंगठीतलं पोवळं तेच ना?

टाकीतल्या सजीवाला प्रवाळच म्हणावं आणि पोवळं हे नाव तांबड्या रत्नापुरतं राखावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळात शब्द एकच. संस्कृत ‘प्रवाल’ प्राकृतातून घासत घासत ‘पोवळे’ झाला. आयुर्वेदातलं प्रवाळभस्म पोवळ्याचंच असतं. पण आज प्रवाळबेट, प्रवाळभित्ती हे शब्द इतके रुळले आहेत की ‘प्रवाळ’ म्हटलं की लक्षद्वीप डोळ्यांपुढे येतं, आणि ‘पोवळं’ म्हटलं की मंगळाची अंगठी.

‘प्रवाल’चा आणखी एक अर्थ कोवळी पालवी. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताचं वर्णन आहे. तिथे कालिदासाचा ‘प्रवाल’ म्हणजे पालवी. पोवळ्याला तो ‘विद्रुम’ म्हणतो, आणि त्यातही ‘द्रुम’ म्हणजे झाड आहेच! हे झाड नसून प्राणी आहे, हे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२०च्या दशकात दाखवलं.

भेद पाळायचा तो प्राण्यांमुळे. रत्नाचं पोवळं भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं. त्याचा सांगाडाच तांबडा असतो. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना ऊब आणि ऊन लागतं, कारण त्यांच्या पेशींत शैवाल राहतं. बहुतेकांचा रंग त्या जिवंत पेशींचा. प्राणी मेला की खाली पांढरा चुना उरतो.

भिंग घेऊन टाकीपाशी बसा. पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या प्राण्याच्या, तोंडाभोवतीच्या शुंडा (बोटांसारखे लवचिक अवयव) पूर्ण उमलल्या की मोजा. आठच असतील आणि कडांना पिसासारखी झालर असेल, तर ते झेनियासारखं मऊ प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचं जवळचं नातलग. साध्या, बिनझालरीच्या आणि सहाच्या पटीत असतील, तर ते बहुधा कठीण प्रवाळ. विदूषक मासा ज्यात लपतो ते समुद्रफूल (सी ॲनिमोन, हाही प्राणीच) याच दुसऱ्या कुळातलं.

ही ओळख कायद्यासाठीही लागते. भित्ती बांधणारी कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरणारी प्रवाळं) आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला आहे तेच संरक्षण त्यांना आहे. म्हणून दुकानदाराने बिलावर नुसतं ‘कोरल’ लिहिलं तर घेऊ नका, जातीचं पूर्ण नाव लिहून मागा.